पुरंदरवरचं आभाळ: एकाच फोटोचं दोनदा केलेलं एडिटिंग

२४ बाय १६ इंचांची प्रिंट लॅबच्या टेबलावर उलगडली. प्रिंट काढणारे काका ती बराच वेळ नुसती पाहत राहिले, मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ऊन कुठून येतंय रे यात?"

"उजवीकडून. थोडं मागून."

"तू तिथं होतास म्हणून तुला ठाऊक. मला यात दिसत नाहीये."

प्रदर्शनाला बारा दिवस होते. स्क्रीनवर हाच फोटो मी आठ-दहा मित्रांना दाखवला होता आणि सगळ्यांनी "काय आभाळ आहे!" असंच म्हटलं होतं. आभाळ होतंच तसं. पण काकांचा प्रश्न आभाळाबद्दल नव्हताच, जमिनीबद्दल होता. तो फोटो मी पुन्हा शून्यापासून एडिट केला. पहिल्या वेळी काय केलं, ते कुठे फसलं आणि दुसऱ्या वेळी काय बदललं, ते इथे आकड्यांसकट लिहितो. पावसाळी आभाळाचे फोटो आपण सगळेच काढतो आणि याच चुका मला आजूबाजूला रोज दिसतात, म्हणून हा खटाटोप.

त्या संध्याकाळी काय होतं

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, परतीच्या पावसाचे दिवस. महामार्ग सोडून केतकावळ्यावरून घाट चढून आलो आणि नारायणपूरच्या अलीकडे गाडी लावली. तिथून आग्नेयेला पुरंदर दिसतो, त्याच्या डाव्या हाताला वज्रगड, आणि दोघांच्या मधे भैरवखिंड. दुपारपासून त्या बाजूला ढग चढत होते. डोक्यावर फुलकोबीसारखे फुगवटे आणि तळ मात्र सरळ, सपाट. वर चढणारी हवा थंड होत होत एका ठरावीक उंचीला पोचली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, म्हणून एका भागातल्या अशा ढगांचे तळ साधारण एकाच पातळीत असतात. पुढे एडिटिंगमध्ये ही गोष्ट कामाला आली.

पाच चाळीसला पश्चिमेकडच्या ढगांच्या फटीतून सूर्य खाली उतरला. मावळायला जेमतेम अर्धा तास होता. उन्हाची एक लांब तिरीप माझ्या उजव्या खांद्यामागून निघाली, समोरच्या शेतांवर पडली आणि पुरंदरच्या पश्चिमेकडच्या उतारांवर चढली. मागे भैरवखिंडीच्या पलीकडे आभाळ काळंनिळं, त्यातून पावसाची एक झड तिरकी लोंबत होती. उजेडातली जमीन मागच्या ढगापेक्षा उजळ झाली होती. एरवी आभाळ उजळ असतं आणि जमीन काळी. हा उलटा क्रम वर्षातून फार थोड्या वेळा बघायला मिळतो. त्या दृश्याचं सगळं नाट्य त्या उलट्या क्रमात होतं, हे मला तेव्हा डोळ्यांनी कळलं होतं. घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसल्यावर मी ते विसरलो.

ज्यांच्या घेवड्याच्या बांधावर ट्रायपॉड रोवला होता, ते शेतकरी मागून म्हणाले, "यंत्र झाका दादा, अर्ध्या तासात हितं येतोय त्यो." ते पंचवीस मिनिटांत खरं ठरलं.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम. ३५ मिमी, एफ ८, १/६० सेकंद, आयएसओ १००. दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम काढल्या होत्या, एक अंधारी, एक मधली, एक उजळ. वाऱ्यानं घेवडा हलत होता, त्यामुळे तिन्ही एकत्र केल्यावर पानांच्या दुहेरी कडा आल्या. मधल्या फ्रेममध्ये ढगाची सर्वांत उजळ कडसुद्धा शाबूत होती, तेव्हा तीच एक रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेली मूळ नोंद) घेतली. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि त्यातल्या निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये असतात. म्हणून आभाळाचा फोटो काढताना हायलाइट (सर्वांत उजळ भाग) कोरे पांढरे होऊन उडू न देता जितकं उजळ एक्स्पोजर देता येईल तितकं द्यावं. अंधारं काढून नंतर उजळवलं की ढगांच्या पोटात दाणे येतात. एवढं तरी त्या दिवशी बरोबर झालं होतं.

पहिलं एडिटिंग

रात्री अकरा वाजता, अंधाऱ्या खोलीत, पूर्ण ब्राइटनेस लावलेल्या लॅपटॉपवर. इथूनच गणित बिघडलं.

पूर्ण फोटोला डीहेज (धूसरपणा काढणारा स्लायडर) +५५, क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव) +४०, हायलाइट −१००, शॅडो (अंधारे भाग) +७०. वरून खाली सरळ ग्रॅज्युएटेड फिल्टर (हळूहळू विरत जाणारा), दीड स्टॉप अंधार. निळ्या रंगाचं ल्युमिनन्स (उजळपणा) −४०. व्हाइट बॅलन्स (फोटो पिवळट की निळसर हे ठरवणारा आकडा; तो कमी केला की फोटो निळ्याकडे जातो) ऑटो, म्हणजे सॉफ्टवेअरनं ठरवलेलं ४६५० केल्विन. शेवटी थोडं व्हायब्रन्स (फिक्या रंगांना गडदपणा). एकूण वीस मिनिटं.

यातला प्रत्येक स्लायडर आपापल्या जागी उपयोगाचा आहे. डीहेज २०१५ मध्ये लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आला, तेव्हा सह्याद्रीत फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. आपल्याकडे वर्षातले सहा महिने धूसर हवा, आणि एका स्लायडरनं ती धुऊन निघत होती. पण तो स्लायडर पूर्ण फोटोवर +५५ नेला की तो धुक्याबरोबर अंतरही पुसून टाकतो.

प्रिंटमध्ये दिसलेले दोष

काकांनी खिडकीजवळ नेऊन, तिरप्या उजेडात, एकेक जागा बोटानं दाखवली. मी त्यांच्या मागे उभा राहून लिहून घेतलं.

पहिलं म्हणजे गडाच्या माथ्याभोवतीची पांढरी किनार. पुरंदरच्या कड्याची रेघ जिथे आभाळाला टेकते तिथे दोन-तीन मिलिमीटरची उजळ पट्टी, जणू गडामागे कुणी ट्यूबलाइट लावली आहे. क्लॅरिटी आणि डीहेज दोन्ही कडेच्या अलीकडचा-पलीकडचा फरक वाढवतात. गडद कड्याशेजारचं आभाळ त्यामुळे जास्त उजळतं. फोनवर ही किनार दिसत नाही, उलट फोटो ‘शार्प’ वाटतो. दोन फुटी प्रिंटवर ती सर्वांत आधी डोळ्यात जाते.

दुसरं, गडाचा माथा. सरळ ग्रॅज्युएटेड फिल्टर आभाळ आणि डोंगर यांत भेद करत नाही. केदारेश्वराचं देऊळ जिथे आहे तो वरचा भाग जळाल्यासारखा काळा झाला होता, आणि त्याच डोंगराचा खालचा उतार शॅडो +७० मुळे फिकट. एकाच डोंगराचे दोन तुकडे.

तिसरं, ढगांचा रंग. काकांनी प्रिंटवर एक राखाडी कार्ड ठेवलं. ढगांचं पोट राखाडी नव्हतं, चक्क शाईसारखं निळं होतं. मावळतीचं ऊन पिवळट असतं. ऑटो व्हाइट बॅलन्सनं ते पिवळेपण ‘दुरुस्त’ करायला सगळा फोटो निळ्याकडे ढकलला होता. म्हणजे शेतावरचं सोनेरी ऊनही गेलं आणि ढगांत नसलेलं निळंही आलं, एकाच आकड्यानं दोन नुकसानं.

चौथं, ठिपके. आभाळात फिकट राखाडी, गोल, मसुराच्या दाण्याएवढे अकरा ठिपके. सेन्सरवरची धूळ. डीहेजनं ढगांबरोबर तिलाही उठाव दिला होता.

पाचवा दोष काकांनी शेवटी दाखवला आणि मला तो सर्वांत लागला. पावसाची झड नाहीशी झाली होती. भैरवखिंडीमागची ती मऊ, तिरकी, धुरासारखी सर म्हणजे अगदी कमी कॉन्ट्रास्टची जागा. क्लॅरिटीनं तिचे ओरखडे करून टाकले होते. पाहणाऱ्याला तो पाऊस आहे हे कळतच नव्हतं.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ऊन का दिसत नव्हतं? मी घरी येऊन फाइलमध्ये तीन जागांचा उजेड मोजला (० टक्के म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा). मूळ रॉमध्ये काहीही न करता अंधारा ढग ३४ टक्के, उन्हातली शेतं ६१, सावलीतली शेतं २८. माझ्या पहिल्या एडिटमध्ये ढग १५, उन्हातली शेतं ५६ आणि सावलीतली ४७. शॅडो वर ओढल्यामुळे सावलीतली जमीन उन्हातल्या जमिनीच्या जवळ येऊन बसली होती. तेहेतीस टक्क्यांचा फरक नऊवर आला. उन्हाची तिरीप विझवून मी ती भरपाई ढग काळे करून करत होतो. ढग अधिक काळे केले की जमीन अधिक बेजान दिसे, म्हणून ढग आणखी काळे. हे चक्र त्या रात्री मला कळलं नाही, कारण माझी नजर फ्रेमच्या वरच्या दोन तृतीयांश भागातून खाली उतरलीच नाही.

मधला एक फसलेला मार्ग

एका मित्राचं म्हणणं होतं, "कशाला त्रास घेतोस, आभाळच बदल ना." फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून ही सोय आहे. आभाळ आपोआप निवडलं जातं, दुसरं बसतं आणि जमिनीलाही त्या आभाळाचा रंग चढतो. प्रदर्शनाच्या नियमांत दोन फोटो जोडायला मनाई होती, त्यामुळे ते तिथे चाललंच नसतं. तरी दोष समजून घ्यायला मी करून पाहिलं.

तयार आभाळांतलं एक वादळी आभाळ बसवलं. पहिल्या नजरेला जमल्यासारखं वाटलं. मग पुरंदरचे उतार पाहिले. डोंगराच्या सोंडांचा उजवा अंग उजळ, डावा सावलीत. नव्या ढगांचा मात्र डावा अंग उजळ. म्हणजे जमिनीला एक सूर्य आणि आभाळाला दुसरा. ढगांचे तळही जुळेनात. ते आभाळ फार रुंद लेन्सनं काढलेलं होतं, त्यामुळे तळांच्या रेषा डोक्यावरून पंख्यासारख्या पसरत होत्या. माझ्या ३५ मिमीच्या फ्रेममध्ये ढगांचे तळ क्षितिजाकडे हळूहळू एकमेकांजवळ येत जातात. आणि पाऊस? तो गेलाच.

त्याच मित्रानं गडावर इंद्रधनुष्यही टाकून पाहिलं. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर उमटतं. त्या संध्याकाळी तो बिंदू माझ्या डावीकडे, पूर्वेला होता. ४२ अंश मोजले तर धनुष्याचा उजवा पाय कसाबसा फ्रेमच्या डाव्या कडेला आला असता, गडाच्या माथ्यावर कधीच नाही. जमिनीवर पडलेल्या सावल्या पाहून हे कुणालाही ताडता येतं.

आभाळ जोडणं म्हणजे काही नव्या जमान्याचं पाप आहे असं मी मानत नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होते. तेव्हाच्या काचेवरच्या रसायनाला निळा उजेड फार पटकन लागायचा, त्यामुळे समुद्र नीट येईपर्यंत आभाळ पांढरंफट्ट होई. त्यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी, अशा दोन काचांतून एक प्रिंट काढली. एकच ढग त्यांच्या एकाहून जास्त फोटोंत भेटतात. त्यांच्यासमोर दुसरा इलाजच नव्हता. माझ्या फाइलमध्ये मात्र आभाळ पूर्ण शाबूत होतं. जे आहे ते काढून नसलेलं बसवायचं कारणच नव्हतं.

दुसरं एडिटिंग

यावेळी सकाळी बसलो, पडदे अर्धे लावून, मॉनिटरचा उजेड दर चौरस मीटरला १०० कॅन्डेलाच्या (उजेडाचं माप) आसपास आणून. स्क्रीन जितकी झगझगीत तितकं आपण फोटोला काळं करतो आणि प्रिंट त्याहून काळी येते.

एक नियम ठरवला: आधी जमीन, मग आभाळ.

प्रोफाइल (रॉ फाइलच्या रंगांची सुरुवातीची मांडणी) ‘अडोबी कलर’वरून ‘अडोबी न्यूट्रल’वर आणलं. ते फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं असतं आणि सुरुवातीला मन खट्टू होतं, पण ढगांच्या आतल्या छटा त्यात उघड्या राहतात. व्हाइट बॅलन्स ५३०० केल्विन. एवढ्या एका बदलानं शेतावर ऊन परत आलं आणि ढगांचं पोट निळ्यावरून शिशासारखं राखाडी झालं. जे निळं काढायला मी वेगळा मास्क (फोटोच्या निवडक भागापुरता बदल) करणार होतो, त्याची गरजच उरली नाही. पूर्ण फोटोवर क्लॅरिटी शून्य, डीहेज शून्य, शॅडो फक्त +१०, हायलाइट −२५. पहिल्या वेळी हायलाइट −१०० नेल्यामुळे ढगाची रुपेरी कड मळकट झाली होती. उजळ गोष्टीला उजळ राहू द्यायला हवं. ढगात कुठेतरी खरा पांढरा असला तरच काळ्याला वजन येतं.

पुढचं काम मास्कनं. सावलीतल्या जमिनीला −०.४ स्टॉप. उन्हातल्या पट्टीवर ब्रश, त्यातून ल्युमिनन्स रेंजनं फक्त उजळ भाग राखला, तिथे +०.३ स्टॉप आणि किंचित उबदार छटा. इथे एक पथ्य कसोशीनं पाळलं: जिथे मुळात ऊन पडलं होतं तिथेच ते वाढवायचं. पुढच्या कोपऱ्यातलं आंब्याचं झाड सावलीत होतं. ते उजळवलं तर फ्रेम ‘बॅलन्स’ झाली असती, हात तिथे जातही होता. पण ढगांची फट जिथे होती तिथूनच ऊन येणार. झाडावर ते पोचत नव्हतं, म्हणून झाड तसंच ठेवलं.

एवढं झाल्यावर आभाळाला हातही न लावता मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. ढग आधीपेक्षा काळे वाटत होते. मास्कच्या कामात त्यांचा एक पिक्सेलही बदललेला नव्हता. शेजारची जमीन उजळली आणि सावली खोल गेली, एवढ्यावर डोळा ढगांना गडद समजू लागला. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. त्यानंतर आभाळासाठी उरलेलं काम फार थोडं होतं.

‘सिलेक्ट स्काय’नं आभाळ निवडलं. लाइटरूममध्ये हे २०२१ पासून आहे आणि डोंगराच्या रेषेवर साधारण चांगलं चालतं, झाडांच्या शेंड्यांवर मात्र गडबडतं. त्यात −०.३५ स्टॉप, डीहेज +१२. बस. मग त्याच मास्कमधून झड वगळली. झडीसाठी वेगळा ब्रश: क्लॅरिटी −१५, डीहेज −८. म्हणजे आभाळाचा उठाव वाढवताना त्यातला पाऊस मुद्दाम मऊ केला. दोन्ही शेजारी आल्यावर सर पुन्हा लोंबायला लागली.

क्षितिजाजवळची फिकट पट्टीही वाचवली. आभाळ क्षितिजापाशी उजळ असतं, कारण तिथे आपण हवेच्या फार जाड थरातून पाहत असतो. दूरचे डोंगर फिकट आणि निळसर दिसतात तेही त्यामुळेच. वज्रगडामागची ती फिकट रांग पहिल्या एडिटमध्ये डीहेजनं पुढे येऊन वज्रगडाला चिकटली होती. आता ती पुन्हा मागे गेली आणि दोहोंच्या मधली मोकळी जागा परत आली.

मग १६ बिटांची टिफ फाइल फोटोशॉपमध्ये. धुळीचे अकरा ठिपके एकेक करून काढले. ‘कॅमेरा रॉ फिल्टर’मधलं ‘व्हिज्युअलाइझ स्पॉट्स’ (ठिपके ठळक करून दाखवणारी सोय) लावून पाहिल्यावर अजून चार सापडले. गडाच्या कडेवर अजून केसभर उजळ किनार होती. तिच्यासाठी जुनी युक्ती: क्लोन स्टॅम्पचा (एका जागेचं चित्र दुसरीकडे उतरवणाऱ्या ब्रशचा) मोड ‘डार्कन’ करायचा, शेजारचं आभाळ उचलायचं आणि कडेवरून फिरवायचं. ब्रश फक्त जास्त उजळ पिक्सेल झाकतो, गडाच्या काळ्या दगडाला धक्का लागत नाही. पूर्ण कडा फिरायला सव्वा तास लागला. कंटाळवाणं काम आहे, पण दोन फुटी प्रिंटवर ते टाळता येत नाही.

शेवटी डॉज आणि बर्न, म्हणजे निवडक जागा हातानं उजळवणं आणि गडद करणं. दोन कर्व्ह लेयर, एक उजळ, एक गडद, दोन्हींचे मास्क काळे (म्हणजे ब्रश फिरवू तिथेच परिणाम), आणि ब्रशचा फ्लो (एका फटक्यात उतरणारी मात्रा) ४ टक्के. ढगांच्या फुगवट्यांवर उजव्या अंगाला हलकेच उजेड, डाव्या अंगाला सावली. ऊन उजवीकडून येत होतं हे आता डोंगर, शेतं आणि ढग तिघंही सांगू लागले. प्रत्येक फुगवट्यावर हात फिरवायचा मोह होतो. मी सात जागा निवडल्या आणि थांबलो.

नवे आकडे असे: अंधारा ढग २७ टक्के, उन्हातली शेतं ६७, सावलीतली २१. पहिल्या वेळी ढग १५ वर होता. म्हणजे आताचं आभाळ आधीपेक्षा बरंच उजळ आहे आणि तरी ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांना दुसरंच अधिक दाटून आलेलं वाटतं.

हे करताना अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ची सारखी आठवण येत होती. १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोत काढलेला फोटो, काळ्या आभाळात चंद्र आणि खाली उन्हात उजळलेले दफनभूमीतले क्रूस. लाइट मीटर सापडेना, म्हणून चंद्राचा उजेड दर चौरस फुटाला २५० कॅन्डल असतो हे आठवून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं. सुरुवातीच्या प्रिंटांत वरचं आभाळ बरंच फिकं आहे, ढगही दिसतात. वर्षं गेली तसं त्यांनी ते काळं काळं करत नेलं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती १९४८ सालची गोष्ट. तेव्हा त्यांनी मूळ निगेटिव्ह पुन्हा रसायनात घातली, आणि ती आभाळासाठी नाही. खालची जमीन फिकी, अशक्त आली होती, तिला बळ द्यायला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध काळ्या आभाळाखाली आधी जमीन दुरुस्त झालेली आहे.

मराठीत आपण "आभाळ आलं" म्हणतो, तेव्हा ढग आलेत असं म्हणायचं असतं. मूळ शब्द अभ्र, म्हणजे ढगच. पण शेतकरी "आभाळ आलं" म्हणतो, तेव्हा त्याची नजर वर असते आणि मन खाली, वाळत घातलेल्या मालावर. त्या बांधावर उभे असलेले शेतकरीही ढग पाहून लगेच आपल्या घेवड्याकडे वळले होते. मी कॅमेरा वरच रोखून होतो.

कागद

दुसरी प्रिंट काढण्याआधी काकांनी त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (तो कागद रंग कसे उतरवतो त्याची फाइल) दिलं आणि सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे कागदावर फोटो कसा दिसेल ते स्क्रीनवर पाहणं, करायला लावलं. सुती मॅट कागदावर काळा तितका खोल जात नाही जितका लस्टरवर (अर्धचकचकीत कागदावर) जातो. प्रूफ लावताच डाव्या वरच्या कोपऱ्यातला सर्वांत गडद ढग सपाट झाला, आतल्या छटा मिटल्या. तिथे पाव स्टॉप उजेड वाढवला. त्यानं काम निम्मंच झालं.

काकांनी ६ बाय ४ इंचांचे तीन तुकडे आधी काढून घेतले: गडाची कड, झड, आणि तो कोपरा. पूर्ण प्रिंट काढून मग रडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तुकडे खिडकीत, ट्यूबखाली आणि प्रदर्शनात असणार होते तसल्या पिवळ्या दिव्याखाली, असे तिन्ही उजेडांत पाहिले. पिवळ्या दिव्याखाली शेतं जरा जास्तच केशरी दिसली, म्हणून उन्हाच्या पट्टीचा उबदारपणा थोडा उतरवला.

दुसरी पूर्ण प्रिंट टेबलावर आली तेव्हा काकांनी उन्हाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी झडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा इकडे येत होता का?"

"हो. पंचवीस मिनिटांत आला."

प्रदर्शनात ती मॅट प्रिंट लागली. नंतर त्याच फाइलची एक लस्टर प्रिंट स्वतःसाठी काढली. तिच्यात डाव्या कोपऱ्यातल्या ढगाच्या सगळ्या घड्या दिसतात, मॅटमध्ये त्यातल्या निम्म्या बुडाल्या आहेत. दोन्ही भिंतीवर शेजारी लावल्या आहेत. लस्टरवर दिवसा खिडकीची चकाकी येते आणि नेमकी झडीवर पडते, म्हणून बुडालेल्या कोपऱ्यासकट मॅटच ठेवावी असं सध्या मन म्हणतंय. तो कोपरा अजून पाव स्टॉपनं उचलून एक ६ बाय ४ चा तुकडा काढायला दिला आहे.